नवव्या वाक्यावरची खोडाखोड

"वैनी, ह्यात नापास झालेल्याला गावाकडं धाडत्यात म्हणं. खरं का?"

पोपटनं हे विचारलं तेव्हा त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात होते आणि परातीतल्या भाकरीला एका अंगानं शेपूट फुटलं होतं.

"ही परीक्षा नाहीच, पोपटभावजी," मी म्हटलं. "पंधरा वाक्यं आहेत. आपल्याला वाटतं तशी प्रत्येकापुढं खूण करायची. पास-नापास काही नसतं ह्यात."

"कागुद आला म्हंजे परीक्षा आलीच की वं. चौथीला मी दोनदा बसलोय. मला नगा शिकवू."

खोलीभर हशा पिकला. शेगडीपुढं बसलेले हिंदुराव नानाही हसले आणि परातीकडं बोट दाखवून म्हणाले, "परीक्षा ऱ्हाऊ दे बाबा. ह्यो तमिळनाडूचा नकाशा काढलायस ती भाकरी कर आदी. कन्याकुमारी आत घे."

आठ वर्षं झाली ह्याला. तेव्हा आम्ही सेलमला होतो. विट्याकडची, खानापूर तालुक्यातली माणसं गलाईच्या कामासाठी देशभर पांगलीत हे आमच्याकडं पोरासोरांना ठाऊक असतं. सोनाराच्या दुकानातला केर, मोडीचं सोनं, झिजलेल्या चांदीचे तुकडे, सगळं मुशीत घालून वितळवायचं आणि त्यातून चोख सोनं-चांदी वेगळी काढायची. सेलमच्या त्या एका गल्लीत आमच्याकडची तीसेक दुकानं. माझा नवरा धनंजय त्यातल्याच एकात होता. शेजारच्या दुकानावर माडीची मोठी खोली होती. तिथं बारा जण राहायचे, तिला सगळे मेस म्हणायचे.

त्या वर्षी मागच्या गल्लीतल्या आपल्याकडच्याच एका तरुण माणसानं जीव दिला. आदल्या दिवशी तो चहाच्या टपरीवर सगळ्यांना हसवत होता. कुणाला काही कळलं नव्हतं. त्यानंतर डॉक्टर पूंगोडींनी मला बोलावलं. माझी लेक रेवा त्यांच्याच दवाखान्यात झाली होती, आणि मी तमिळ बोलते, बी.ए. झालेय, हे त्यांनी तेव्हाच हेरून ठेवलं होतं.

"माणूस उष्णता सोसतो, उपास सोसतो, परकी भाषा सोसतो," त्या म्हणाल्या होत्या. "दोन गोष्टी मात्र फार दिवस सोसत नाही. माझं कुणी नाही, ही एक. आणि मी माझ्या माणसांना जड झालोय, ही दुसरी. ह्या पंधरा वाक्यांत मी तेवढंच विचारलंय. तू ती तुमच्या भाषेत उतरव. एकेकट्याला घेऊन बस, तू वाच, त्याला सांगू दे. ज्याच्या खुणांची बेरीज वाढेल तो मला त्याच दिवशी हवा."

एकेकट्याला. हे त्यांनी तीनदा सांगितलं होतं.

त्या रविवारी मी मेसवर गेले ती एकेकट्याशी बोलायचं ठरवूनच. रेवा दहा महिन्यांची होती. दाताचा ताप अंगात होता, तरी मेसवर गेली की तिची चंगळ असायची. बारा जणांतल्या नऊ जणांची पोरं गावाकडं. त्यांच्यात तिला घेण्यावरून भांडणं लागायची. ह्याच्या मांडीवरून त्याच्या खांद्यावर, तिथून कुणाच्या तरी पोटावर. "माझी बी एवढीच हाय," असं त्यातले तिघं तरी म्हणायचे. एकाची तर चांगली चौथीत होती.

नाना तेवढे तिला घ्यायचे नाहीत. लांबून टाळ्या वाजवायचे, तोंडं वेडावायचे. मी पुढं केली की म्हणायचे, "नगं सूनबाई, हाताला पीठ हाय." पीठ नसलं तरी पीठ असायचं.

नाना पन्नाशीचे. एके काळी गल्लीतले मोठे उस्ताद, अर्धी गल्ली त्यांच्या हाताखाली शिकलेली. धनंजयसुद्धा. दीड वर्षापूर्वी त्यांच्या हातांना कंप सुटला. रसरसलेली मूस चिमट्यात धरायची म्हणजे हात दगडासारखा लागतो. शेठ भला माणूस, म्हणाला, "नाना, तुमी बसा आता. मेस बगा." तेव्हापासून नाना मेस बघायचे, आणि त्या आठवड्यात तर त्यांनी सगळ्यांना रांगेनं स्वयंपाक शिकवायला घेतला होता.

मी शहाजीपासून सुरुवात करणार होते. शहाजी मेसमधला सगळ्यात अबोल गडी. बारावी झालेला, भिंतीला टेकून पायाच्या अंगठ्याकडं बघत बसणारा. मी कागद काढला आणि रेवानं जो भोंगा लावला तो काही केल्या थांबेना. कपाळ तापलेलं, हिरड्या सुजलेल्या. बारा जणांनी बारा उपाय सांगितले. शेवटी मी वैतागून कागदांचा गठ्ठा कट्ट्यावर ठेवला.

"भरून ठेवा सगळे. नाव घालू नका. उद्या सकाळी नेते."

आणि घरी गेले. चूक झाली ती इथं, आणि ती माझी.

*

सोमवारी सकाळी डॉक्टर पूंगोडींनी कागद टेबलावर पसरले आणि चष्मा पुसला. मग पुन्हा पुसला. मग त्या जोरजोरानं हसायला लागल्या.

"अगं, हे बघ तरी!"

बाराच्या बारा कागद एकसारखे होते. 'माझं म्हणावं असं माणूस मला इथं आहे', ह्यापुढं बाराही जणांचं 'अगदी खरं'. 'मी असलो-नसलो तरी कुणाला फरक पडत नाही', ह्यापुढं बाराही जणांचं 'अजिबात नाही'. पंधराच्या पंधरा वाक्यांना तीच खूण, त्याच पेनाची. बारा इतके सुखी पुरुष एका खोलीत राहत असतील तर ती खोली देवळासारखी पुजायला हवी होती.

"कॉपी केली," मी म्हटलं आणि मलाही हसू आवरेना. "डॉक्टर, आमच्या धंद्यात शिकायचं असंच असतं. पुस्तक नाही, शाळा नाही. उस्ताद करतो ते बघायचं आणि तसंच्या तसं करायचं. माझा नवरा अजून मूस उचलायच्या आधी डाव्या बाहीला नाक पुसतो, कारण त्याचे उस्ताद पुसायचे."

त्यांनी ते ऐकलं, हसल्या, आणि हसता हसता एकदम कागदांवर वाकल्या. एक कागद उचलला, दुसरा उचलला, मग सगळेच ओळीनं लावले.

"मग हे काय?"

नववं वाक्य. 'माझ्या माणसांना माझा भार होतोय.' बाराही कागदांवर त्या वाक्यापुढं आधी 'अगदी खरं'च्या चौकोनात खूण केलेली होती. मग तिच्यावर दोन आडव्या रेघा मारून ती खोडलेली. आणि मग 'अजिबात नाही'च्या चौकोनात नवी खूण. बाराही कागदांवर खूण आणि तिच्यावर दोन रेघा. एकानं तर त्या रेघा पट्टीनं आखल्यासारख्या समान काढल्या होत्या.

"खोडलेलंसुद्धा उतरवलंय," मी म्हटलं. "त्यांना वाटलं असेल, तेही उत्तरातच आहे."

"अकरा जणांनी उतरवलंय," डॉक्टर म्हणाल्या. "एकानं लिहिलंय. बाकीच्यांना बरोबर उत्तरं द्यायला तो एक बसला. आठ वाक्यं तो सांभाळून खोटं बोलला. नवव्याला त्याचा हात आपसूक खऱ्या जागी गेला, मग त्याला भान आलं आणि त्यानं खोडलं." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "कोण तो?"

मी कागद उलटसुलट करून पाहिले. नावं नव्हती, अक्षर नव्हतं, नुसत्या खुणा. रविवारी मी एकेकाला घेऊन बसले असते तर हा माणूस आत्ता माझ्या हातात असता. बारा जणांतला एक कुठंतरी भाकरी खात, विनोद करत बसला होता, आणि मला तो ओळखता येत नव्हता.

"सगळ्यांसमोर काही बोलू नकोस," डॉक्टर म्हणाल्या. "पण आजच शोध. उद्यावर टाकू नकोस."

जिना उतरताना माझ्या मनात एकच नाव होतं. शहाजी.

*

मेसवर दुपारची पंगत बसली होती. नाना आमटी वाढत होते. हात हलायचा म्हणून ते पळी पातेल्याच्या काठाला टेकवून, मग ताटाच्या काठाला टेकवून वाढायचे.

मी रेवाला पहिल्या मांडीवर टाकलं आणि उभ्या उभ्याच विचारलं, "कागद कुणी लिहिला?"

पंगतीतले सगळे हात ताटात थांबले.

"ज्येचा त्येनं लिवला की," पोपट म्हणाला.

"बारा जणांची एकाच जागी चूक होते? आणि बाराही जण ती दोनच रेघांनी खोडतात?"

"योगायोग आसतोय, वैनी."

"बारा जणांचा?"

"लई मोटा योगायोग," पोपट म्हणाला आणि कांदा फोडला.

मी शहाजीकडं पाहिलं. तो पायाच्या अंगठ्याकडं बघत होता. मी म्हटलं, "मी कुणाला रागावणार नाही. फक्त एवढं सांगा, पहिला कागद कुणाचा?"

"मीच लिवला," पोपट उठून उभा राहिला. "काय शिक्षा द्याची ती मला द्या. पोरंबाळं हैत ह्यांस्नी."

"पोपटभावजी, तुम्हाला 'भार' शब्द वाचून दाखवा म्हटलं तर येईल?"

"त्ये येगळं."

"न्हाई, मी लिवला," शहाजी अंगठ्याकडं बघतच म्हणाला. मी त्याच्याकडं वळले, तोवर पलीकडून आवाज आला, "आरं, तू कुटला? मी लिवला." मग आणखी एक. बघता बघता आठ जणांनी तो एक कागद लिहिलेला होता. उरलेले तोंडातला घास संपायची वाट बघत होते.

नाना पातेलं खाली ठेवून म्हणाले, "सूनबाई, पोरं भ्याली हैत गं. मागल्या गल्लीत त्ये तसं झाल्यावर त्या शेठनं दोघांस्नी हिशोब करून गावाकडं लावलं, 'माझ्या दारात नगं' म्हणून. ह्यास्नी वाटतंय, कागदावर काय वंगाळ निगालं तर आपली बी तीच गत. ऱ्हाऊ दे की."

मला एकदम सुचलं ते बोलून गेले.

"बरं. मग सगळेच नापास. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला. तोंडी परीक्षा. एकेकाची, बंद खोलीत. आणि गावाकडं कुणालाही धाडणार नाहीत, हा माझा शब्द. बाराही जण. नाना, तुम्हीपण."

"माजी भांडी पडल्यात."

"भांडी पळून जात नाहीत."

निघायचं म्हणजे खाली दुकानातून जायचं, आणि दुकानातून बाहेर पडायचं म्हणजे उंबऱ्याशी ठेवलेल्या घमेल्यात हातपाय धुवायचे. तळव्याला चिकटलेला सोन्याचा कणसुद्धा बाहेर जाता कामा नये. ते पाणीही फेकत नाहीत, साठवतात. एरवी मला ह्या रिवाजाचं कौतुक वाटायचं. त्या दिवशी मी दारात रेवाला घेऊन तळमळत होते, आणि बारा माणसं ओळीनं, शांतपणे, बोटांच्या बेचक्यांतून अंगठा फिरवत पाय धूत होती.

"नीट धुवा रं," पोपट म्हणाला. "डॉक्टरीण पाय बगून मार्क देती."

*

डॉक्टरांच्या खोलीबाहेर भिंतीला लांब बाक होता. बारा जण त्यावर शाळेतल्यासारखे बसले. दुभाषी मी, म्हणजे मला आत बसणं भाग. रेवाचं काय करायचं? मी ती बाकावरच्या पहिल्या माणसाकडं दिली आणि सांगितलं, "आत येताना शेजारच्याकडं द्या."

पहिल्यांदा मी शहाजीला बोलावलं.

दार लागलं आणि शहाजी बोलायला लागला. बायकोविषयी, शेतातल्या बोअरविषयी, स्पर्धा परीक्षा द्यायची राहिली त्याविषयी, भावाच्या लग्नातल्या भांडणाविषयी. पंचवीस मिनिटं तो थांबला नाही. माझी भाषांतर करता करता दमछाक झाली. शेवटी डॉक्टरांनीच हात वर केला.

"एरवी का बोलत नाही हा?"

मी विचारलं. शहाजी म्हणाला, "त्या पोपटामुळं मधी फट गावतच न्हाई वं."

डॉक्टरांनी त्याला ती वाक्यं पुन्हा विचारली. थोडं हे, थोडं ते, पण नवव्या वाक्याला तो अडखळला नाही. "भार? मी? मी नसलो तर मेसवर पान्याची मोटार कोन चालू करंल?" मग त्यांनी शेवटचा, कागदावर नसलेला प्रश्न विचारला: फार जड वाटलं तर कुणापाशी बोलता?

"नानांपाशी," शहाजी म्हणाला. "आनि कुनापाशी?"

माझा अंदाज साफ चुकला होता. म्हणजे अजून अकरा उरले.

एकामागून एक येत राहिले. बंद दाराआड माणसं किती वेगळी असतात! एकाला आईच्या शेवटाला पोचता आलं नव्हतं. एकाला भाषेची एवढी भीती की दोन वर्षांत तो एकटा बाजारात गेला नव्हता. एकजण नुसता रडला आणि मग म्हणाला, "बरं वाटलं, अजून पाच मिंटं बसू का?" नवव्या वाक्यावर कुणी थोडंसं थबकलं, कुणी 'कदी कदी' म्हणालं, पण डॉक्टर मान हलवायच्या: हा नाही. आणि शेवटच्या प्रश्नाला प्रत्येक जण तेच नाव घ्यायचा. सातव्या खेपेला मी विचारायच्या आधीच डॉक्टरांनी ते कागदावर लिहून टाकलं होतं.

पोपट भीतीनं एकेकाला पुढं ढकलत होता. त्यामुळं तो अकरावा आला. आल्या आल्या त्यानं हात जोडले.

"वैनी, मी चौथी नापास हाय, आदीच सांगतो."

दहा मिनिटांत त्याचा सगळा विनोद गळून पडला. त्याची लेक तीन वर्षांची. "रोज फोनवर बाबा-बाबा करती. सुट्टीला गेलो तर मला बगून रडली, आनि बाबा म्हणत फोनकडं पळाली. माजा फोटू तिचा बाप, मी न्हवं." त्यानं बाहीनं डोळे पुसले. "दोन दिस जेवान गेलं न्हाई. मग नानांनी जवळ बोलीवलं, म्हनलं, गड्या, रोज एक गोष्ट सांग तिला फोनवर, आवाज तरी वळखीचा हुंदे. आता वळखती."

"मग कागद कुणी लिहिला?" मी सहज विचारावं तसं विचारलं.

"आता तुमच्यापाशी काय लपवायचं? नानांनी. सातवीला केंद्रात पैले आल्यात त्ये. म्हनले, कुनाला गावाकडं जायाला लागाय नगं, मी लिवतो तसं लिवा." पोपट नाक ओढून हसला. "लई जीव हाय बगा त्यांचा आमच्यावर. आता भाकऱ्या बी शिकीवत्यात. म्हनत्यात, मंगळवारच्या आत सगळ्यांस्नी आली पायजे, मी काय तुमास्नी जलमाला पुरतोय व्हय?"

मी ते भाषांतर करायला तोंड उघडलं आणि मधेच थांबले. डॉक्टरांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं. 'नानांनी' एवढं त्यांनी ऐकलं होतं, भाषांतर लागलं नाही.

"अकरा जण त्याला सांगतात," त्या हळूच म्हणाल्या. "तो कुणाला सांगतो?"

मी दाराकडं धावले.

बाक रिकामा दिसला. परीक्षा झालेले सगळे खाली चहाच्या टपरीवर गेले होते, त्यांचा गलका खिडकीतून वर येत होता. बाकाच्या अगदी टोकाला नाना बसले होते. पाठ ताठ, श्वास रोखलेला, आणि दोन्ही हातांत रेवा. शेजारच्याकडं द्या, शेजारच्याकडं द्या, करत ती शेवटी त्यांच्यापर्यंत आली होती, आणि त्यांच्या पलीकडं कुणी नव्हतं. त्यांचे हात थरथरत होते, आणि त्या थरथरीवर, पाळण्यात घातल्यासारखी, दोन रात्री न झोपलेली माझी पोर गाढ झोपली होती.

"मी उठून जानार हुतो, सूनबाई," ते कुजबुजले. "पन ही निजली. आता कुटं ठेवू हिला?"

मी त्यांच्या शेजारी बसले. 

"नाना, नवव्या वाक्याला तुम्ही आधी कुठं खूण केली होती?"

नानांनी चटकन मान वळवली. "पोरांनी ती खोडलेली बी उतरीवली?"

"बाराही कागदांवर आहे."

"येडी रं येडी," ते म्हणाले. आणि मग, "चल. आत चल. हिला मात्र उठवू नगंस."

आत डॉक्टरांनी पोपटला खाली धाडलं होतं. त्या मला तमिळमध्ये म्हणाल्या, "थेट विचार. गोल गोल शब्द नकोत. विचारल्यानं कुणी मरत नाही. न विचारल्यानं मरतात."

सासऱ्याच्या ठिकाणी असलेल्या माणसाला असलं काही विचारायची आमच्यात रीत नाही. मी पदर सारखा केला, उगाचच.

"नाना, डॉक्टर विचारतायत. आणि मीपण विचारतेय. मरून जावं असं वाटतं का तुम्हाला?"

"हळू बोल की, उठंल ती." मग त्यांनी खाली, रेवाच्या टाळूकडं बघत सांगितलं, "वाटतंय."

"कधीपासून?"

"हात गेल्यापास्नं. कुनी वंगाळ वागत न्हाई गं. शेठ काय म्हनत न्हाई, पोरं काय म्हनत न्हाईत. मूस उचलाय गेलो की, नाना बसा. पान्याची घागर उचलाय गेलो की, नाना बसा. गावाकडं गेलो तर लेक म्हनतोय, आण्णा, तुमी बसा. समदी लई चांगली हैत. मानसानं किती बसावं?" मग हळूच पुढं म्हणाले, "निस्तं बसून खानारा मानूस म्हंजे घरातलं ओझंच की. म्हनलं, पोरांस्नी भाकरी शिकवावी, म्हंजे कुनाचं काय अडायचं न्हाई. उद्याचं ठरिवलं हुतं."

मी एकेक शब्द तमिळमध्ये सांगितला. 'उद्या' हा शब्द मी दोनदा सांगितला. डॉक्टरांनी आणखी बरंच काही विचारलं, आणि नानांनी ते सगळं सांगितलं. ते मी इथं लिहीत नाही.

मग त्यांनी नानांचे हात तपासले, रेवाला न उठवता, एकेक करून. ह्या कंपावर औषध आहे, म्हणाल्या. पहिल्यासारखी मूस धरता येईल असं वचन देत नाही, पण पळी नक्की धरता येईल. दीड वर्षात हा माणूस कुणाकडं कसा गेला नाही? नाना म्हणाले, "कुनाला कशाला तरास?" आज आणि उद्या तुम्हाला एकटं सोडणार नाही, मेसमधल्या एका माणसाला हे सगळं सांगावं लागेल, तो माणूस तुम्ही निवडा, असंही डॉक्टर म्हणाल्या.

नानांनी विचार केला. "पोपट नगं. त्यो सेलमभर करंल. शहाजीला सांगा. कमी बोलतंय ते."

मी ते तमिळमध्ये सांगितलं, आणि डॉक्टरांनी आणि मी एकमेकींकडं पाहिलं.

"बाकीचे माझ्यापाशी काय बोलले ते मी ह्यांना सांगू शकत नाही," डॉक्टर मला म्हणाल्या. "पण एवढं सांग, की जड वाटलं तर कुणापाशी जाता, असं मी आज अकरा माणसांना विचारलं. अकराही वेळा एकच नाव आलं."

मी सांगितलं.

"कुनाचं?" नानांनी विचारलं.

"तुमचं, नाना."

त्यांनी मान वर केली.  मग एकदम कपाळाला आठ्या घातल्या.

"परत कॉपी केली आसंल भाड्यांनी."

मला रडतारडता इतकं हसू आलं की भाषांतर जमेना. जमलं तेव्हा डॉक्टरही तोंडावर हात धरून हसल्या. "सांग त्यांना, ह्या खेपेला मी एकेकाला बंद खोलीत बसवलं होतं. कॉपीला जागाच नव्हती."

 नानांच्या डोळ्यांतलं पाणी गालावरून ओघळून मिशीत आलं, पण दोन्ही हात गुंतलेले. मी पदरानं पुसलं, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे."

डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या आणि कागद माझ्याकडं दिला. मग टेबलावरची वही बघत म्हणाल्या, "उद्या इथं गर्दी आहे. ह्यांना इथं नको बोलावू. मीच दुपारी तुमच्या मेसवर येते. ती ज्वारीची भाकरी मी कधी खाल्लेली नाही. ह्यांच्या हातची हवी, शिकाऊ पोरांच्या हातची नको. चालेल का, विचार."

मी विचारलं.

"उद्या?" नाना म्हणाले.

"उद्या."

 खालून पोपटचा आवाज येत होता, कुणीतरी त्याला चहावरून छेडत होतं. नानांनी मांडीवरच्या रेवाला जरा सावरून घेतलं.

"तिकाट चालतंय का, इचार तिला."

डॉक्टर म्हणाल्या, मी सेलमची आहे, मला तिखटाचं काय सांगता?

"आदी समदी आसंच म्हनत्यात," नाना म्हणाले. "दह्याची वाटी बाजूला काढून ठेवतो म्हणावं. आनि बाराच्या आत ये म्हणावं, पंगत बसली की ही पोरं काय ठेवत न्हाईत."